नोव्हेंबरमधला राग जूनमध्ये कामी लावा

न्यू जर्सीतल्या एका मराठी गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "नागरिकत्व मिळाल्यापासून अध्यक्षपदाच्या प्रत्येक निवडणुकीत मत दिलं. कधी डेमोक्रॅटला, कधी रिपब्लिकनला. कर आणि सरकारी खर्च याबाबत एका पक्षाचं पटतं, गर्भपात आणि बंदुकांच्या कायद्यांबाबत दुसऱ्याचं. पण आता दोन्हीकडचे उमेदवार टोकाचं बोलतात आणि दर वेळी दगडापेक्षा वीट मऊ म्हणून मत द्यावं लागतं. इतक्या मोठ्या देशात तिसरा पक्ष का उभा राहत नाही? आणि राहणारच नसेल तर माझ्यासारख्या मध्यममार्गी माणसाने मत द्यायला जायचं तरी कशाला?"

मी याच राज्यात बरीच वर्षं मतदान केंद्रावर बोर्ड वर्कर म्हणून बसते आहे. त्याआधी टाउनशिप आणि स्कूल बोर्डाच्या निवडणुकांत उमेदवारांसाठी दारोदार फिरले आहे. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

तुमची तक्रार खरी आहे आणि तुम्ही एकटे नाही. गॅलप या जनमत चाचणी घेणाऱ्या संस्थेच्या पाहणीत 2023 आणि 2024 अशी दोन्ही वर्षं 43 टक्के अमेरिकनांनी आपण कुठल्याच पक्षाचे नाही असं सांगितलं. स्वतःला डेमोक्रॅट किंवा रिपब्लिकन म्हणवणारे प्रत्येकी 30 टक्क्यांच्याही आत होते. 2023 मध्ये 63 टक्के लोक म्हणाले की दोन्ही पक्षांचं काम इतकं वाईट आहे की तिसरा मोठा पक्ष हवाच. आपल्या न्यू जर्सीत कुठल्याच पक्षात नोंद नसलेले, म्हणजे अनअफिलिएटेड मतदार 20 लाखांच्या वर आहेत. नोंदणीकृत रिपब्लिकनांपेक्षा ही संख्या मोठी आहे. एवढं असूनही 2024 च्या निवडणुकीत लोकप्रतिनिधीगृहाच्या 435 जागांपैकी एकही जागा तिसऱ्या पक्षाला मिळाली नाही.

याचं नेहमीचं स्पष्टीकरण असं की ज्याला सर्वाधिक मतं तो निवडून, बाकीच्यांना शून्य, या पद्धतीत मतदार तिसऱ्याला मत "वाया" घालवायला घाबरतो आणि शेवटी दोनच पक्ष उरतात. मॉरिस ड्युव्हर्जे या फ्रेंच अभ्यासकाने 1951 मध्येच हे मांडलं. पण भारतातून आलेल्या कोणालाही हे अपुरं वाटेल आणि ते बरोबर आहे. भारतात हीच पद्धत आहे आणि तरी लोकसभेत डझनांनी पक्ष बसतात. ब्रिटनमध्येही हीच पद्धत आहे, तिथेही तिसरा-चौथा पक्ष टिकून आहे. मग अमेरिकेतच कुलूप इतकं घट्ट का?

एक कारण अध्यक्षपद. भारतात एखादा पक्ष एका राज्यात वीसेक खासदार निवडून आणतो आणि दिल्लीत त्याच्या पाठिंब्याला किंमत येते. इथे सगळ्यांत मोठं बक्षीस एकच आहे आणि ते वाटून घेता येत नाही. अध्यक्षाची निवड करणाऱ्या, राज्यांना वाटून दिलेल्या इलेक्टोरल कॉलेजच्या 538 मतांपैकी 270 मिळवावी लागतात, आणि मेन व नेब्रास्का सोडले तर बाकीच्या 48 राज्यांत जो पहिला आला तो राज्याची सगळी मतं घेऊन जातो. अपक्ष उमेदवार रॉस पेरो यांनी 1992 मध्ये जवळपास दोन कोटी मतं घेतली. देशभरातली 19 टक्के मतं. इलेक्टोरल मतं किती? शून्य. त्यांचे मतदार सगळीकडे पसरलेले होते, कुठल्याच राज्यात पहिले नव्हते. उलट काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवण्याचे समर्थक जॉर्ज वॉलेस यांना 1968 मध्ये साडेतेरा टक्केच मतं पडली, पण ती दक्षिणेत एकवटलेली होती, म्हणून 46 इलेक्टोरल मतं हाती लागली. म्हणजे ही यंत्रणा प्रादेशिक आणि कडव्या तिसऱ्या माणसाला थोडीफार दाद देते, देशभर विखुरलेल्या मध्यममार्गी माणसाला अजिबात देत नाही. तुमच्यासारख्यांचा पक्ष काढला तर तो नेमका विखुरलेला असणार. आणि समजा कोणालाच 270 मिळाली नाहीत, तर बाराव्या घटनादुरुस्तीनुसार निवड लोकप्रतिनिधीगृहात जाते आणि तिथे प्रत्येक राज्याला एक मत. ते मत टाकणार कोण? याच दोन पक्षांचे सदस्य.

मतविभागणीची भीतीही हवेतली नाही. 1912 मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी रिपब्लिकन पक्षातून फुटून वेगळी चूल मांडली, 27 टक्के मतं घेतली, आणि त्या फुटीमुळे डेमोक्रॅट वुड्रो विल्सन 42 टक्क्यांच्याही आत राहून अध्यक्ष झाले. 2000 मध्ये फ्लोरिडात रिपब्लिकन बुश यांची डेमोक्रॅट गोर यांच्यावरची आघाडी 537 मतांची होती आणि तिथे ग्रीन पक्षाचे राल्फ नेडर यांना 97 हजारांवर मतं होती. त्या पिढीच्या डेमोक्रॅट मतदाराच्या डोक्यातून हा आकडा अजून गेलेला नाही.

पण मला विचाराल तर दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. अमेरिकेत पक्षाला कडीच नाही. आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात. मुंबईत किंवा दिल्लीत यादी ठरते, ज्याचं नाव नाही तो बंडखोरी करतो, अपक्ष उभा राहतो किंवा नवा पक्ष काढतो. इथे तिकीट मतदार देतात, प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी आधी होणाऱ्या निवडणुकीत. त्यामुळे नाराज माणसाला नवा पक्ष काढण्यापेक्षा जुना पक्ष आतून ताब्यात घेणं सोपं जातं. डोनाल्ड ट्रम्प यांनी 2000 च्या निवडणुकीसाठी पेरो यांच्याच रिफॉर्म पार्टीची उमेदवारी आजमावून पाहिली होती आणि काही महिन्यांत ते बाहेर पडले. सोळा वर्षांनी ते रिपब्लिकन प्रायमरीत उतरले, आणि पक्षाच्या बहुतेक जुन्याजाणत्यांचा विरोध असताना तो पक्ष त्यांनी घेतला. बर्नी सँडर्स सिनेटमध्ये अपक्ष म्हणून बसतात, पण अध्यक्षपदासाठी दोनदा डेमोक्रॅटिक प्रायमरीतच लढले. दोघांनाही कळलं होतं की दार कुठे आहे. टोकाच्या मतांच्या लोकांना ते सापडलं. मधल्या लोकांनी ते वापरलंच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

जूनमधल्या प्रायमरीच्या दिवशी शाळेच्या जिममध्ये आमचं टेबल मांडलेलं असतं. नोव्हेंबरमध्ये दारापर्यंत रांग असते, जूनमध्ये तासन् तास खुर्च्या रिकाम्या. संध्याकाळी ऑफिसमधून परतताना एखादे गृहस्थ येतात. नाव विचारलं की टॅबलेटवरच्या मतदार यादीत नाव निघतं आणि पुढे दिसतं, अनअफिलिएटेड. नियमाप्रमाणे आम्ही सांगतो की आज मत द्यायचं तर एका पक्षाची निवड करावी लागेल, डेमोक्रॅटिक किंवा रिपब्लिकन. निवड इथेच, आत्ताच करता येते. बरेच जण थबकतात. "म्हणजे मी त्यांचा मेंबर होणार?" हो, नोंद तशी होते, पण ना वर्गणी द्यावी लागते, ना नोव्हेंबरमध्ये त्याच पक्षाला मत द्यायचं बंधन येतं, आणि नंतर फॉर्म भरून पुन्हा अनअफिलिएटेड होता येतं. इतकं सांगूनही काही जण मान हलवतात आणि परत फिरतात. मला कोणाचा शिक्का नको, असं म्हणतात. त्यांची भावना मला समजते. आपल्या बऱ्याच लोकांना पक्षात नाव असणं म्हणजे कार्यकर्ता होणं वाटतं. पण त्या क्षणी ते आपलं सगळ्यांत वजनदार मत टेबलावर सोडून जात असतात.

वजनदार का, ते 2025 च्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीवरून पाहा. डेमोक्रॅटिक बाजूला सहा उमेदवार होते: मिकी शेरिल, रस बराका, स्टीव्हन फुलप, जॉश गॉटहाइमर, शॉन स्पिलर आणि स्टीव्ह स्वीनी. यांत डावीकडचे होते, उजवीकडे झुकलेले होते, मधलेही होते. म्हणजे नोव्हेंबरमध्ये जी निवड मिळत नाही म्हणून तुम्ही हळहळता, ती जूनमध्ये समोर मांडलेली होती. राज्यात नोंदणीकृत मतदार 65 लाखांच्या वर. या प्रायमरीत मतं पडली आठ लाखांहून थोडी जास्त. शेरिल सुमारे 34 टक्के मतांवर जिंकल्या, म्हणजे तीन लाखांच्याही आत. नोव्हेंबरमध्ये त्याच गव्हर्नर म्हणून निवडून आल्या. त्या चांगल्या की वाईट हा इथे मुद्दा नाही. 20 लाखांवर अनअफिलिएटेड मतदारांपैकी थोडे जरी आत आले असते तरी त्या सहांपैकी कोणाचंही पारडं वर-खाली झालं असतं.

आपल्या लोकांच्या जिव्हाळ्याचं उदाहरण ग्रीन कार्डचं आहे. नोकरीच्या आधारावर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांहून जास्त वाटा मिळत नाही. भारतीयांची रांग त्यामुळेच इतकी लांबली आहे. आपल्यापैकी कित्येकांची उमेदीची वर्षं त्यात गेली. 27 जून 2013 रोजी सिनेटने इमिग्रेशन सुधारणेचं मोठं विधेयक 68 विरुद्ध 32 मतांनी मंजूर केलं. दोन्ही पक्षांच्या आठ सिनेटरांनी बसून ते तयार केलं होतं आणि नोकरीच्या ग्रीन कार्डांवरची देशनिहाय मर्यादा काढण्याची तरतूद त्यात होती. मध्यममार्ग म्हणतात तो हाच. पण लोकप्रतिनिधीगृहात ते मतदानाला आलंच नाही. सभापती जॉन बेनर यांनी आपल्या पक्षातल्या बहुमताचा पाठिंबा नसलेलं विधेयक पुढे आणायचं नाकारलं.

मग जून 2014 आला. बेनर यांच्या खालोखालचे रिपब्लिकन नेते एरिक कँटर व्हर्जिनियातल्या आपल्या मतदारसंघात प्रायमरी हरले. डेव्ह ब्रॅट नावाच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने त्यांना पाडलं आणि प्रचारात इमिग्रेशन सुधारणेच्या विरोधाचा मुद्दा लावून धरला होता. ब्रॅट यांना सुमारे 36 हजार मतं, कँटर यांना 29 हजारांच्या आसपास. नोव्हेंबरमध्ये त्याच मतदारसंघात दोन लाखांहून जास्त लोकांनी मत दिलं, पण तोवर कँटर मतपत्रिकेवर नव्हते. या एका निकालानंतर सुधारणेची उरलीसुरली आशा संपली, कारण प्रत्येक रिपब्लिकन सदस्याने आपल्या मतदारसंघातल्या प्रायमरीचा हिशोब मांडला. आणि लक्षात घ्या, व्हर्जिनियात पक्षनोंदणीच नाही. कोणीही नोंदणीकृत मतदार त्या दिवशी जाऊन मत देऊ शकत होता. दार उघडं होतं.

त्यानंतर 2019 च्या जुलैमध्ये फक्त देशनिहाय मर्यादेपुरतं एक विधेयक लोकप्रतिनिधीगृहात 365 विरुद्ध 65 अशा प्रचंड बहुमताने मंजूर झालं. सिनेटने डिसेंबर 2020 मध्ये त्याची वेगळी आवृत्ती मंजूर केली. दोन्हींचा मेळ घालायला जेमतेम महिना उरला होता; जानेवारीच्या सुरुवातीला काँग्रेसची मुदत संपली आणि सगळं बारगळलं. इथे कोणी कडवा विरोध करून ते पाडलं असंही नाही. ते न केल्याबद्दल कोणाचीही खुर्ची जाणार नव्हती, हे त्यामागचं साधं कारण आहे असं मी मानते. जे रांगेत उभे आहेत त्यांना मत नाही, आणि आपण जे रांगेतून पुढे आलो ते जूनमध्ये घरी बसतो.

आता थोडं कटू बोलते. "मध्यममार्गी मतदार" नावाचा एकसंध गट अस्तित्वात नाही. तुम्हाला कमी कर आणि गर्भपाताचा हक्क हवा आहे. तुमच्या शेजारच्या चर्चला जाणाऱ्या बाईंना गर्भपातावर बंधनं हवीत, पण सरकारी आरोग्य विमा सगळ्यांना हवा. दोघंही स्वतःला मधले म्हणवतात आणि दोघंही दोन्ही पक्षांवर चिडलेले आहेत. पण तुम्हा दोघांचा एक पक्ष निघाला तर पहिल्याच बैठकीत फुटेल. शिवाय जे स्वतःला स्वतंत्र म्हणवतात त्यांना पुढचा प्रश्न विचारला की बहुतेक जण कुठल्या तरी एका बाजूला झुकलेले निघतात आणि मतंही त्याच बाजूला देत राहतात. तिसरा पक्ष हवा म्हणणाऱ्या 63 टक्क्यांना एकच पक्ष हवा आहे असं धरून चालणारे पैसेवाले लोक दर काही वर्षांनी पुढे येतात. 2023-24 मध्ये 'नो लेबल्स' या संघटनेने अध्यक्ष-उपाध्यक्षपदासाठी मध्यममार्गी जोडी उभी करण्यासाठी अनेक राज्यांत मतपत्रिकेवर जागाही मिळवली. उमेदवारच मिळेना म्हणून एप्रिल 2024 मध्ये बेत सोडून द्यावा लागला.

आणि पक्ष जास्त असले की मधल्या माणसाला वाली मिळतो, हेही आपल्याच अनुभवाला धरून नाही. 2024 च्या महाराष्ट्र विधानसभेला सहा मोठे पक्ष रिंगणात होते, तरी मतदारापुढे प्रत्यक्षात दोनच बाजू होत्या, महायुती आणि महाविकास आघाडी. त्याआधीच्या दोन-तीन वर्षांत दोन पक्ष फुटले आणि नव्या जोड्या जुळल्या, त्या मतदाराला विचारून नाही.

अमेरिकेत हे दोन पक्ष नेहमीच असे एकमेकांपासून तुटलेले नव्हते, हे मात्र सांगायला हवं. 1950 मध्ये इथल्या राज्यशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या समितीने अहवाल दिला तो याच्या अगदी उलट तक्रारीचा: दोन्ही पक्ष इतके सारखे आहेत की मतदाराला धड निवडच मिळत नाही. तेव्हा दक्षिणेतले डेमोक्रॅट कट्टर पुराणमतवादी होते आणि ईशान्येत उदारमतवादी रिपब्लिकन होते. 1964 चा नागरी हक्क कायदा मंजूर झाला तेव्हा पाठिंबा देणाऱ्यांचं प्रमाण डेमोक्रॅटांपेक्षा रिपब्लिकनांत जास्त होतं. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत दक्षिणेतले गोरे मतदार रिपब्लिकन झाले, ईशान्य आणि पश्चिम किनारा डेमोक्रॅटिक झाला, आणि दोन्ही पक्षांतला तो मधला मिसळीचा भाग नाहीसा झाला. तुमची मतं पूर्वी जितकी मधली होती तितकीच आजही असतील. तुमच्या दोन्ही बाजूंची माणसं मात्र लांब गेली.

म्हणून मी पक्षांच्या संख्येपेक्षा उमेदवार निवडीच्या नियमांकडे बघायला सांगते. नियम बदलला की माणसं वेगळी वागतात, याचा पुरावा आहे. 13 जानेवारी 2021 रोजी ट्रम्प यांच्यावरच्या महाभियोगाच्या बाजूने दहा रिपब्लिकन सदस्यांनी मत दिलं. चौघांनी 2022 ची निवडणूकच लढवली नाही. चौघं प्रायमरीत पडले. लिझ चेनी त्यांतल्याच. उरले दोघं, कॅलिफोर्नियाचे डेव्हिड व्हॅलडेओ आणि वॉशिंग्टनचे डॅन न्यूहाउस. या दोन्ही राज्यांत पक्षाची वेगळी प्रायमरीच नसते. सगळे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर, सगळे मतदार एकत्र, आणि पहिले दोन नोव्हेंबरला. ही हमी नाही. वॉशिंग्टनच्याच जेमी हरेरा बटलर या पद्धतीतही तिसऱ्या आल्या आणि बाद झाल्या. पण दहांपैकी जे दोघं वाचले ते याच दोन राज्यांतले, हे मला पुरेसं बोलकं वाटतं. अलास्काने 2020 मध्ये जनमताने याच्याही पुढचं पाऊल टाकलं: एकत्र प्रायमरीतून चार जण पुढे, आणि नोव्हेंबरमध्ये पसंतीक्रमाने मत. 2022 मध्ये सिनेटर लिसा मुरकाउस्की महाभियोगात ट्रम्प यांच्या विरोधात मत देऊनही तिथून निवडून आल्या, आणि त्याच मतदारांनी लोकप्रतिनिधीगृहावर मेरी पेल्टोला या मध्यममार्गी डेमोक्रॅट बाईंना पाठवलं.

पसंतीक्रमाचं मत म्हणजे रँक्ड चॉइस. पहिली, दुसरी, तिसरी पसंती लिहायची; कोणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील तर शेवटचा उमेदवार बाद आणि त्याची मतं दुसऱ्या पसंतीला. मेनमध्ये 2018 साली पहिल्या फेरीत रिपब्लिकन ब्रूस पोलिक्विन सुमारे दोन हजार मतांनी पुढे होते. दोन अपक्षांची मतं वाटली गेल्यावर डेमोक्रॅट जॅरेड गोल्डन जिंकले, आणि हे गोल्डन पुढे आपल्याच पक्षाविरुद्ध मतदान करायला न कचरणारे म्हणून ओळखले गेले. या पद्धतीत तिसऱ्याला पहिलं मत देऊनही मत वाया जात नाही.

तरीही ही वाट सोपी नाही. 2024 मध्ये कोलोरॅडो, आयडाहो, नेव्हाडा आणि ओरेगन या चारही राज्यांत अशा सुधारणा जनमतात हरल्या. अलास्कातली पद्धत रद्द करण्याचा ठराव हजाराहूनही कमी मतांनी फेटाळला गेला. विरोध दोन्ही पक्षांच्या जुन्या मंडळींकडून येतो. आणि न्यू जर्सीत तर नागरिकांनी सह्या गोळा करून राज्यपातळीवर असं जनमत घ्यायची सोयच नाही. इथे कायदा विधिमंडळातूनच बदलावा लागतो.

पण न्यू जर्सीतच एक मोठी गोष्ट बदलली आहे आणि आपल्या लोकांत तिची चर्चा फारशी ऐकू येत नाही. अगदी परवापर्यंत राज्याच्या 21 पैकी 19 काउंट्यांत प्रायमरीच्या मतपत्रिकेवर 'काउंटी लाइन' असे. काउंटीतल्या पक्षनेत्यांनी ज्यांना पसंती दिली ते सगळे, सिनेटरपासून टाउनशिपपर्यंत, एका रांगेत ओळीने. बाकीचे उमेदवार कुठेतरी कोपऱ्यात. मतदार सरळ रांगेने बटणं दाबत जाई. म्हणजे मतदान मतदाराचं, पण तिकीट जवळपास पक्षश्रेष्ठींचंच. तेव्हाचे लोकप्रतिनिधीगृहाचे सदस्य अँडी किम यांनी सिनेटसाठी उभं राहताना याला फेडरल कोर्टात आव्हान दिलं आणि मार्च 2024 मध्ये न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीत ही मांडणी वापरायला मनाई केली. पुढे 2025 मध्ये विधिमंडळाने नवा कायदा केला. आता प्रत्येक पदाचे सगळे उमेदवार एका चौकटीत एकत्र दिसतात. मघाशी सांगितलेली सहा उमेदवारांची गव्हर्नरपदाची प्रायमरी ही या बदलानंतरची पहिलीच. सहा मातब्बर माणसं उभी राहू शकली, त्यामागे हा बदल होता.

दुसरा एक प्रयत्न मात्र फसला, आणि तो तुमच्यासारख्यांसाठीच होता. 2022 मध्ये इथे 'मॉडरेट पार्टी' निघाली. तिला वेगळा उमेदवार नको होता. सातव्या मतदारसंघातले डेमोक्रॅट टॉम मॅलिनॉव्स्की यांनाच आपलाही उमेदवार म्हणून मतपत्रिकेवर दाखवा, एवढीच तिची मागणी होती. म्हणजे डेमोक्रॅट या नावापुढे बटण दाबायला मन धजत नाही अशा रिपब्लिकन मतदाराला मधल्या पक्षाच्या ओळीवर तेच मत देता आलं असतं. शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये हे राजरोस चालतं. न्यू जर्सीत शंभरेक वर्षांपूर्वीच्या कायद्याने त्याला बंदी आहे. मागणी नाकारली गेली, मॅलिनॉव्स्की पडले, पक्षाने कोर्टात दाद मागितली आणि अपिलातही निकाल विरोधात गेला. हा कायदा बदलावा असं मला मनापासून वाटतं, कारण मधल्या मतदारांची संख्या नेमकी किती हे उमेदवाराला आकड्यांत दिसायची याहून सोपी तरतूद नाही.

मग तुम्ही काय करावं? तुमच्या काँग्रेसच्या आणि विधिमंडळाच्या मतदारसंघात वर्षानुवर्षं कोण जिंकतं ते पाहा. जो पक्ष जिंकतो त्याच्या प्रायमरीत मत द्या, तो तुम्हाला जास्त नावडता असला तरी. बालेकिल्ल्यात नोव्हेंबरची निवडणूक औपचारिक असते. खरा निर्णय तिथे जूनमध्येच लागतो. दोन्ही बाजू तोडीस तोड असतील तर ज्या बाजूच्या प्रायमरीत मधला आणि टोकाचा असा सरळ सामना आहे तिथे जा. यात अप्रामाणिक काही नाही. नियम तुम्हाला ती मुभा देतात आणि टोकाचे मतदार ती कधीच सोडत नाहीत.

अध्यक्षपदासाठी तिसऱ्याला मत द्यायचं असेल तर राज्य बघून द्या. पेनसिल्व्हेनियासारख्या अटीतटीच्या राज्यात राहणाऱ्या कोणाला मी तसा सल्ला देणार नाही. तुमच्या एका मताने इथे निकाल फिरणार नाही हे खरं, पण त्याने संदेश जातो यावरही माझा फारसा विश्वास नाही. पेरो यांच्या दोन कोटी मतांचा संदेश तूट कमी करण्याच्या चर्चेत काही वर्षं ऐकू आला, आणि त्यांचा पक्ष दहा वर्षांत नावापुरता उरला.

मत न देण्याचा पर्याय मात्र मनातून काढून टाका. उमेदवाराचे लोक मतदारांच्या याद्या घेऊन बसतात. तुम्ही कोणाला मत दिलंत ते गुप्त असतं, पण कुठल्या निवडणुकीत मत दिलंत हे यादीत दिसतं. मी प्रचारात फिरायचे तेव्हा हातात जी यादी मिळायची तिच्यात फक्त नेमाने मतदान करणाऱ्यांची घरं असायची. ज्या घरातून जूनमध्ये कोणी येत नाही त्या घराचं दार कोणी वाजवत नाही, मग त्या घरातल्या माणसांची मतं काय आहेत हे कोणाला कळणार?

थोडा वेळ देऊ शकत असाल तर काउंटी कमिटीकडे बघा. प्रत्येक पक्षाचे कमिटी सदस्य अगदी वस्तीपातळीवर प्रायमरीतच निवडले जातात. मोजक्या सह्या लागतात, जागा बऱ्याचदा रिकाम्या असतात आणि काही डझन मतांत माणूस निवडून येतो. काम किरकोळ वाटतं, पण विधिमंडळाचा सदस्य मध्येच पायउतार झाला तर त्याच्या जागी कोण हे त्याच्या पक्षाचे हेच कमिटी सदस्य ठरवतात. एडिसनपासून प्लेन्सबरोपर्यंत आपली इतकी घरं आहेत. या खुर्च्यांवर आपली माणसं बसायला हवीत, दोन्ही पक्षांत. स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत तर पक्षाचं नावच नसतं, आणि तुमच्या प्रॉपर्टी टॅक्सचा मोठा हिस्सा तिथेच खर्च होतो.

तारखांचं नीट लक्षात ठेवा. तुमची नोंद अनअफिलिएटेड असेल तर प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर पक्ष निवडता येतो. पण एका पक्षातून दुसऱ्यात जायचं असेल तर प्रायमरीच्या 55 दिवस आधी फॉर्म काउंटीच्या कार्यालयात पोचायला हवा. एप्रिल उजाडायच्या आत तो भरून टाका. टपालाने मत देत असाल तर आणखी काळजी घ्या, कारण पक्ष जाहीर केल्याशिवाय प्रायमरीची मतपत्रिका घरी येतच नाही, आणि नोव्हेंबरची येते म्हणून जूनचीही येईल असं समजून बरेच लोक वाट बघत बसतात. घरात 17 वर्षांचं कोणी असेल आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत 18 पूर्ण होणार असतील, तर 2026 पासून त्यांनाही जूनच्या प्रायमरीत मत देता येतं. त्यांची नोंदणी तुमच्या फॉर्मसोबतच करून घ्या.